नवरा सत्तरीचा, बायको बासष्टची : आरोग्यविम्याच्या हिशेबातील वयाचे अंतर

१/ वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची कोणतीही अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळण्याची तरतूद २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेत झाली. कर्जत किंवा खोपोलीत राहणाऱ्या एखाद्या निवृत्त जोडप्यात नवरा ७० वर्षांचा आणि बायको ६२ वर्षांची असेल, तर एकाच घरातील दोघांपैकी एकाला हे कार्ड आज मिळते आणि दुसरीला त्यासाठी आठ वर्षे थांबावे लागते. ही रेषा नवरा-बायकोच्या मधूनच का जाते, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. हा धागा त्याविषयी आहे.

२/ म्हातारपणीच्या उपचारांचा खर्च वयामुळे वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु निवृत्त जोडप्याला विम्यासाठी किती पैसे मोजावे लागतील, हे केवळ वयावर ठरत नाही. विमा देणारा कोणाला ‘एक’ मानतो, यावर ते ठरते. एक कामगार, एक जोडपे, एक व्यक्ती की एक शिधापत्रिका? कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हे चारही प्रकार आजमितीस शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे हा इतिहास सांगण्यास याहून सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल.

३/ आरंभ विवाहापासून करावा लागतो, कारण वयाचे अंतर तेथेच निर्माण होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा वृद्ध हा त्या नाटकाचा विषय होता. जरठ-कुमारी विवाह ही त्या काळच्या महाराष्ट्रात कवीकल्पना नव्हती. बिजवराला विधवेशी लग्न करणे समाजाला मान्य नसल्याने त्याची दुसरी बायको पहिलीपेक्षाही लहान असे. पुढे १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. वास्तविक ते नाव विधेयक मांडणारे हरविलास सारडा यांच्यावरून पडले होते. पण मराठी कानांना त्यात देवलांची नायिका ऐकू आली नसती तरच नवल.

४/ त्या कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ आणि २१ झाले. म्हणजे वय वाढले, पण वधूने वरापेक्षा लहान असावे हे गृहीतक कायद्यातच राहिले. दोघांचे वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. आज सत्तरीत असलेली जोडपी १९७८ च्या आसपास किंवा त्याआधी विवाहबद्ध झालेली आहेत. नवऱ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान बायको त्या पिढीत मुळीच अपवादात्मक नव्हती.

५/ या अंतराचा वार्धक्यात काय परिणाम होतो? नवरा नोकरीतून निवृत्त होतो तेव्हा बायको पन्नाशीत असते. नवऱ्याची शुश्रूषा तीच करते, आणि तिची स्वतःची दुखणी सुरू होतात तेव्हा नवरा बहुधा हयात नसतो. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असल्याने लग्नातील आठ वर्षांचे अंतर वैधव्यातील आठांहून अधिक वर्षे ठरू शकते. नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेले कोणतेही छत्र तिच्या डोक्यावर किती काळ टिकते, हा म्हणूनच या विषयाचा गाभा आहे.

६/ आता घाटाखाली उतरू. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी बोरघाटातील चढणीचे काम सुरू झाले. ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. कॉलरा, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांनी त्यांतील हजारो दगावले. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला, आणि पुढे कर्जत हे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन जोडण्याचे ठाणे म्हणून देशभर ओळखले गेले. मरण पावलेल्या मजुरांच्या बायकांसाठी मात्र निवृत्तिवेतन किंवा उपचार अशी कोणतीही तरतूद त्या काळी नव्हती.

७/ याच कामात एक वेगळी विधवाही दिसते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आले आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. अभियंते नेमून त्यांनी घाटाचे काम पूर्णत्वास नेले. नवऱ्यामागे त्यांच्या हाती एक मालमत्ता होती : करार. त्याच डोंगरात खडी फोडणाऱ्या मजुराची विधवा त्याच आजाराने विधवा झाली असेल, पण तिच्या हाती काहीही नव्हते. नवऱ्यामागे बायकोच्या हाती कोणता कागद उरतो, हा प्रश्न येथून पुढे वारंवार भेटेल.

८/ विम्याच्या किमतीचा इतिहासही याच सुमारास सुरू होतो. मुंबईतील युरोपीय आयुर्विमा कंपन्या भारतीयांकडून गोऱ्यांपेक्षा अधिक हप्ता घेत. भारतीय शरीर अधिक जोखमीचे, असा त्यांचा हिशेब असे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटीने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देण्यास आरंभ केला. ‘जोखीम’ हा शब्द गणिती वाटतो. परंतु ती मोजताना माणसांचे गट कसे पाडायचे, हा निर्णय माणसेच घेतात आणि तो बदलता येतो, हे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतच सिद्ध झाले होते.

९/ १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहात टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटावरून नळांतून खाली येई आणि खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्या चालवी. औद्योगिक कामगार असा नवा वर्ग उभा राहत होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. पण कामगाराला म्हातारपणी होणारा दमा आणि त्याच्या बायकोचे दुखणे या दोन्ही गोष्टी अजून घरातल्या घरातच होत्या.

१०/ १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. १९४४ च्या त्यांच्या अहवालावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात आली. कामगार आणि मालक दोघेही वर्गणी देत. ती वेतनावर ठरे, वयावर नव्हे. तिशीतला फिटर आणि पंचावन्नचा फिटर सारख्या वेतनावर सारखीच वर्गणी भरत. सुरुवातीला उपचार फक्त कामगारालाच मिळत. कुटुंबाचा समावेश पुढे टप्प्याटप्प्याने झाला. या विम्यात ‘एक’ म्हणजे एक कामगार.

११/ १९६० नंतर खालापूर तालुक्याचे रूप पालटले. खोपोलीत पोलादाचे आणि पाइपांचे कारखाने उभे राहिले. डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी उपक्रमाचा कारखाना पाताळगंगेकाठी आला. तेथील वसाहत आणि रेल्वे स्थानक ‘रसायनी’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. १९८० च्या दशकात पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र विस्तारले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील, शेतकऱ्यांच्या मुलांना प्रथमच ‘निवृत्ती’ नावाची एक तारीख मिळाली. शेतात अशी तारीख नसते.

१२/ निवृत्तीनंतर काय? राज्य विमा योजनेच्या नियमांत यासाठी एक तरतूद आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला, वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला १० रुपये, आणि तेही दोघांचे मिळून. बायको ५० वर्षांची आहे की ६५ वर्षांची, हे कोणी विचारत नाही. निवृत्त जोडप्याला मिळणारे हे भारतातील बहुधा सर्वांत स्वस्त छत्र असावे. वयाच्या अंतराची किंमत येथे शून्य आहे.

१३/ मात्र या दाराची चौकट अरुंद आहे. कारखान्याचे क्षेत्र अधिसूचित असावे लागते आणि वेतन मर्यादेच्या आत. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपये आहे. तीस वर्षे वर्गणी भरणारा कुशल कामगार शेवटच्या काही वर्षांत पगारवाढीमुळे मर्यादेबाहेर जाई, आणि विमाधारक म्हणून निवृत्त न झाल्याने १२० रुपयांच्या सवलतीलाही मुके. पगारवाढीचे पेढे वाटताना बायकोच्या म्हातारपणाचा उपचार हातचा गेला, हे ध्यानात येत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने १ एप्रिल २०१७ नंतर निवृत्त झालेल्या आणि शेवटचे वेतन ३० हजारांपर्यंत असलेल्या अशा कामगारांसाठी ही अट सैल करण्याचा निर्णय घेतला.

१४/ कर्जतमध्ये दुसरे प्रारूप दिसते, ते रेल्वेचे. रेल्वेत निवृत्तिवेतन योजना १९५७ मध्ये आली. निवृत्तांच्या उपचारांसाठी १९९७ मध्ये सुधारित आरोग्य योजना लागू झाली. निवृत्त होताना वेतनाशी निगडित अशी एक रक्कम एकदाच भरायची, आणि मग नवरा-बायको दोघांनाही रेल्वेच्या रुग्णालयांत आयुष्यभर उपचार. कर्जत परिसरातील निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणूनच कल्याण किंवा भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयाची वाट धरतात. नवऱ्याच्या मृत्यूनंतरही विधवेचे कार्ड चालू राहते. येथे ‘एक’ म्हणजे एक जोडपे. बायको लहान असेल तर तिला हे छत्र अधिक वर्षे मिळते, पण त्यासाठी अधिक पैसे मोजावे लागत नाहीत.

१५/ जोडप्यातील वयाच्या अंतराचा एखाद्या सरकारने उघडपणे विचार केल्याचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तेथे वृद्धांना ६५ व्या वर्षी आठवड्याला १० शिलिंग निवृत्तिवेतन मिळे. नवरा ६५ चा होई, पण बायको लहान असल्याने तिचे वेतन सुरू होत नसे, आणि दोघांनाही एकाच्या १० शिलिंगांत भागवावे लागे. बहुतेक बायका नवऱ्यांहून काही वर्षांनी लहान असतात, हे लक्षात घेऊन १९४० च्या कायद्याने स्त्रियांचे निवृत्तिवेतनाचे वय ६० वर आणले. पुढे समानतेच्या तत्त्वावर ते पुन्हा वाढविण्यात आले आणि २०१८ मध्ये दोघांचेही वय ६५ झाले.

१६/ जर्मनीत १८८३ पासून चालत आलेल्या सामाजिक आरोग्यविम्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचा वेगळा हप्ता घेतला जात नाही. उलट अमेरिकेत १९६५ मध्ये आलेल्या मेडिकेअरचा पात्रतेचा हिशेब व्यक्तीगणिक आहे. नवरा ६५ चा झाला की त्याला मेडिकेअर; अठ्ठावन्न वर्षांच्या बायकोला तिची पासष्टी येईपर्यंत स्वतंत्र विमा शोधावा लागतो. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी अभियंत्यांची आणि डॉक्टरांची पिढी निवृत्त होताना याच गणितात सापडली. अनेकांनी केवळ बायकोच्या विम्यासाठी नोकरी लांबविली. तेथे २०१० च्या कायद्याने एक मर्यादा मात्र घातली : प्रौढांमध्ये सर्वांत वयस्कराचा हप्ता सर्वांत तरुणाच्या तिपटीहून अधिक असू नये.

१७/ भारतात खाजगी खिशातून घ्यायचा आरोग्यविमा १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ या नावाने आला. १९७२ च्या कायद्याने १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या बनल्या होत्या. त्यांनीच ही पॉलिसी विक्रीस आणली. कामगार विम्याशी तुलना केली तर येथे हिशेब उलटा झाला. वेतन गौण ठरले आणि वय मुख्य. वयाचे टप्पे पाडले गेले आणि प्रत्येक टप्प्यागणिक हप्ता चढत गेला. आधीपासूनचे आजार वगळले गेले. येथे ‘एक’ म्हणजे एक व्यक्ती, आणि ती जितकी वयस्कर तितकी महाग.

१८/ २००० नंतर खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि ‘फॅमिली फ्लोटर’ लोकप्रिय झाला. एका रकमेचे छत्र, घरातील सर्वांमध्ये सामाईक. तरुण कुटुंबाला ते स्वस्त पडते. परंतु बहुतेक फ्लोटरचा मुख्य हप्ता घरातील सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयावरून ठरतो. नवरा ७० चा आणि बायको ६२ ची असेल, तर सामाईक पॉलिसीची सुरुवातच सत्तरीच्या दरापासून होते. शिवाय नवऱ्याच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेत वर्षभराची रक्कम संपली, तर त्या वर्षापुरते बायकोच्या वाट्याला काहीच उरत नाही. दोघांच्या स्वतंत्र पॉलिसी घेतल्यास बायकोला बासष्टीचा दर मिळतो, पण दोन हप्ते भरावे लागतात. वयाचे अंतर जितके अधिक, तितका हा पेच अवघड.

१९/ खाजगी कारखान्यातील कर्मचाऱ्याचा सामूहिक विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. नवरा ५८ व्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा ५० वर्षांच्या बायकोचे छत्रही त्याच संध्याकाळी नाहीसे होते. ती ‘निवृत्त’ झालेली नसते. तिच्या वयाच्या स्त्रिया बँकेत आणि शाळेत कामावर असतात. मधुमेह किंवा रक्तदाब याच वयात निदान झालेला असतो, आणि नव्या पॉलिसीत त्याच आजारांसाठी प्रतीक्षाकाळ लागतो. सामूहिक विमा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय आता आहे. परंतु निरोप समारंभाच्या गडबडीत ही मुदत कित्येकांच्या हातून निसटते.

२०/ निवृत्ती वेळेआधी लादली गेली तर हे अंतर आणखी रुंदावते. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकच्या रसायनी येथील कारखान्याचे, अवकाशयानाच्या इंधनाशी संबंधित एक विभाग इस्रोकडे देऊन, उर्वरित सर्व विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे गेला. सरकारी कारखान्यासोबत वसाहत, शाळा, दवाखाना असे एक जग उभे राहत असते, आणि नोकरी संपली की त्या जगाचा पत्ताही संपतो. पन्नाशीत घरी बसलेल्या कामगाराच्या चाळिशीतील बायकोला विम्याविना काढावी लागणारी वर्षे दहा नसतात, पंचवीस-तीसही असू शकतात.

२१/ उत्पन्नाची बाजूही पाहावी लागते. खाजगी कारखान्यांतील निवृत्तांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून वेतन मिळते. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १ हजार रुपये आहे. महागाई भत्ता नाही, वैद्यकीय सोय नाही. नवऱ्यामागे विधवेला साधारण निम्मे वेतन मिळते. म्हणूनच या योजनेतील निवृत्तांच्या देशव्यापी आंदोलनाने, ज्याचे एक प्रमुख केंद्र बुलढाणा हे आहे, ७,५०० रुपये किमान वेतनाच्या जोडीला पती-पत्नी दोघांनाही मोफत उपचार द्यावेत अशी मागणी केली. त्या मागणीतील ‘दोघांनाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

२२/ विमा नियामकाने काही दुरुस्त्या केल्या, हेही नोंदविले पाहिजे. ज्येष्ठांच्या विम्याचा अभ्यास करण्यासाठी २००७ मध्ये के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१३ च्या नियमांनी किमान ६५ व्या वर्षापर्यंत प्रवेश आणि आजन्म नूतनीकरण बंधनकारक केले. एप्रिल २०२४ पासून प्रवेशाची वयोमर्यादा निघाली आणि पूर्वीच्या आजारांचा कमाल प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत केल्याविना वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा आदेश निघाला. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. दार उघडले, उंबरठाही थोडा खाली आला. पण वयागणिक चढणारा जिना तसाच आहे.

२३/ याच काळात रायगडमध्ये एक वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, मुंबई, मुंबई उपनगर आणि रायगड. म्हणजे कर्जत आणि खालापूर हे तालुके पहिल्या दिवसापासून या योजनेत होते. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि हप्ता सरकार भरणार. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

२४/ या योजनेत ‘एक’ म्हणजे एक शिधापत्रिका. विमा कंपनीला हप्ता कुटुंबागणिक मिळे. त्या कुटुंबात कोण किती वर्षांचे आहे, हे हप्त्यात येत नसे. धान्यासाठी जन्मलेल्या कागदाने नवरा-बायकोतील वयाचे अंतर पुसून टाकले. पण त्याने दुसरी रेषा ओढली, ती रंगाची. पिवळे आणि केशरी कार्ड आत, पांढरे बाहेर. कर्जतच्या वाडीवरील आदिवासी जोडपे आत आले, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या व्याजावर जगणारे खोपोलीतील पांढऱ्या कार्डाचे निवृत्त जोडपे बाहेर राहिले. ते ना गरीब ठरले, ना त्यांना मेडिक्लेमचा हप्ता परवडला.

२५/ जुलै २०२३ मध्ये शासनाने ही रेषाही पुसण्याचा निर्णय घेतला. मर्यादा ५ लाखांवर नेली आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना योजनेत घेतले. १ जुलै २०२४ पासून अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे आरंभी सांगितलेल्या जोडप्याला महाराष्ट्रात एक उत्तर मिळते. ७० वर्षांच्या नवऱ्याला केंद्राचे कार्ड त्याच्या वयावरून मिळते, ६२ वर्षांच्या बायकोला राज्याचे छत्र शिधापत्रिकेवरून. जेथे राज्याची अशी सर्वसमावेशक योजना नाही, तेथे तिची आठ वर्षे उघडीच राहतात.

२६/ या उत्तरालाही मर्यादा आहेत. सरकारी छत्र दाखल होऊन घ्यायच्या, यादीतील उपचारांना मिळते. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी व्यायामोपचार, डोळ्यांची नियमित तपासणी, म्हणजे बासष्टीतील स्त्रीचा खरा मासिक खर्च, त्यात बसत नाही. शिवाय अंतर असते ते मैलांचेही. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि चौकचे ग्रामीण रुग्णालय यांच्यापलीकडची गरज पडली की पनवेल, नवी मुंबई, कल्याण किंवा घाट चढून पुणे गाठावे लागते. आजारी नवऱ्यासोबत जाणारी बायको असते. तिच्यासोबत पुढे कोण जाईल, याची तरतूद कोणत्याच पॉलिसीत नाही.

२७/ आणखी एक अंतर कागदावरचे. ज्यांचा जन्म पन्नास-साठ वर्षांपूर्वी वाडीवस्तीवर झाला, त्या अनेक स्त्रियांची जन्मतारीख कोठे नोंदलेलीच नव्हती. शाळेत गेलेल्या नवऱ्याकडे दाखला असतो. शाळेत न गेलेल्या बायकोचे वय कार्ड काढताना अंदाजाने सांगितले जाते, आणि पुष्कळदा १ जानेवारी हीच तिची जन्मतारीख होते. ७० ची रेषा तारखेवर चालते. अंदाजात चुकलेली तीन वर्षे म्हणजे कार्डाविना काढलेली तीन वर्षे. शिधापत्रिकेवरील योजनेला तिचे वय लागत नव्हते. वयावरील योजनेला तेच मुख्य लागते.

२८/ सारांश. कामगार विम्याने वेतन पाहिले, रेल्वेने जोडपे पाहिले, मेडिक्लेमने व्यक्तीचे वय पाहिले, फुले योजनेने शिधापत्रिका पाहिली. पहिल्या दोन आणि शेवटच्या पद्धतीत वयाच्या अंतराची किंमत सर्वांनी मिळून उचलली. मेडिक्लेममध्ये ती जोडप्यानेच उचलली, आणि नवऱ्याच्या मागे एकट्या बायकोने. हे अंतर तिने निवडलेले नव्हते. रूढीने घातले आणि कायद्याने मान्य केले. त्यामुळे पुढची योजना आखणाऱ्यांनी ‘किती वर्षांचे?’ या प्रश्नाआधी ‘घरात दुसरे कोण आहे?’ हे विचारणे न्याय्य ठरेल. ब्रिटनने १९४० मध्ये ते विचारले होते. कर्जतच्या रेल्वे वसाहतीत त्याचे उत्तर कधीपासून चालू आहे.

(धागा समाप्त. घरातील निवृत्तांच्या सामूहिक विम्याची, राज्य विम्याच्या कार्डाची आणि शिधापत्रिकेवरील नावांची कागदपत्रे एकदा काढून पाहावीत. बायकोचे नाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर सारखी आहे ना, एवढे तपासणेही पुष्कळ उपयोगी पडते.)